पंचनामा झाला, पैसे कुठे अडले?

आधी गणित मांडू. निफाड तालुक्यातला एक खातेदार धरा. तीन एकर द्राक्षबाग, म्हणजे साधारण 1 हेक्टर 20 आर, आणि बांधापलीकडे एक एकर लाल कांदा, म्हणजे 40 आर. नोव्हेंबरात गारपीट झाली, दोन्ही पिकं गेली. केंद्राने 2022 ते 2026 या काळासाठी ठरवून दिलेल्या आपत्ती निधीच्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरपर्यंत. बागेचे झाले 27,000, कांद्याचे 6,800. एकूण 33,800 रुपये.

ज्या बागेवर एकरी लाखांत खर्च होतो तिथे ही रक्कम औषधाच्या दुकानातली एक उधारीही फेडत नाही. म्हणून पुष्कळ द्राक्षवाले पंचनाम्याकडे पाठ फिरवतात. राग समजतो, पण हिशेब चुकतो. शासकीय भाषेत या रकमेला ‘निविष्ठा अनुदान’ म्हणतात. पुढच्या हंगामाचं बी, खत, औषध घ्यायला हातभार, एवढाच तिचा अर्थ. मालाची किंमत, बुडालेला नफा, व्यापाऱ्याशी ठरलेला भाव यांचा त्यात कुठेच हिशेब नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की भांडायचं कुठे आणि सोडायचं कुठे ते कळतं.

उदाहरणार्थ, टक्केवारी. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असलं की मदत लागू होते. 2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती. पण एकदा 33 ओलांडले की 40 टक्के काय आणि 90 टक्के काय, दर तोच. तरी पंचनाम्याच्या वेळी बांधावर सगळी हुज्जत ‘माझे ऐंशी लिहा, त्याचे नव्वद का लिहिले’ यावर होते. रक्कम ठरते दोनच गोष्टींवर: बाधित क्षेत्र किती आणि पीक कोणत्या वर्गात. चाळीस आर कांदा चुकून जिरायतीत पडला की 6,800 चे 3,400 होतात. तिथे नजर ठेवा.

दर कुठला लागणार?

गावात नेहमी ऐकू येतं, ‘मागच्या वेळी तर छत्तीस हजार दिले होते.’ खरं आहे, दिले होते. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसाने नाशिक जिल्ह्यातल्या बागा झोडपल्या; मदत ठरली तेव्हा राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी 8,000 आणि बहुवार्षिक फळबागांना 18,000 जाहीर केले. 2022 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने तेव्हाचे दर दुप्पट केले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीनंतर 1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने पुन्हा 13,600, 27,000 आणि 36,000 असे वाढीव दर आले. 30 मे 2025 ला ते मागे घेऊन गाडी परत केंद्राच्या दरांवर आणि दोन हेक्टरवर आली. चार महिन्यांत महापूर आला आणि 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं: मर्यादा पुन्हा तीन हेक्टर, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी 10,000 रुपये वेगळे. म्हणजे जिरायतीला एकूण 18,500, बागायतीला 27,000, बहुवार्षिकला 32,500.

एवढा पाढा वाचला तो यासाठी की दर सरकारच्या मर्जीने वरखाली होतो आणि प्रत्येक शासन निर्णय ठरावीक महिन्यांच्या नुकसानीला बांधलेला असतो. मे महिन्यातल्या अवकाळीचा निर्णय वेगळा, सप्टेंबरच्या अतिवृष्टीचा वेगळा. शेजाऱ्याच्या खात्यात आलेले पैसे कदाचित दुसऱ्याच नुकसानीचे असतील. तहसीलमध्ये जाण्याआधी आपलं नुकसान कोणत्या महिन्याचं आणि ते कोणत्या निर्णयात धरलंय ते पाहा. हे निर्णय महसूल व वन विभाग काढतो आणि ते शासनाच्या संकेतस्थळावर असतात. सोबतच्या तक्त्यात जिल्हावार बाधित क्षेत्र आणि निधी लिहिलेला असतो. सेतू केंद्रातल्या पोराला दहा मिनिटांत छापून देता येईल असा हा कागद आहे, आणि तो हातात असला की समोरच्याचा सूर बदलतो.

निकषात एक तळाची रक्कमही आहे. क्षेत्र कितीही कमी असलं तरी जिरायतीला 1,000, बागायतीला 2,000 आणि बहुवार्षिकला 2,500 रुपयांपेक्षा कमी मदत देता येत नाही. त्याखाली आकडा आला तर तो मुकाट्याने घेऊ नका, विचारा.

आपत्ती कशाला म्हणायचं

महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. मोजतं कोण, तर मंडळाच्या ठिकाणचं हवामान केंद्र. ते असतं एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात. तुमच्या नाल्याला पूर आणि मंडळाच्या आकड्यात वीस मिलिमीटर, असं होतंच. कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो, तो त्याच आठवड्यात उतरवून ठेवा. आकडा कमी असेल तर अर्जात ‘अतिवृष्टी’ या एकाच शब्दावर विसंबू नका. नाल्याचं पाणी शेतात शिरलं असेल तर पूर म्हणा. गारा पडल्या असतील तर गारपीट म्हणा, तिला मिलिमीटरची अट नाही. रिपरिप चालूच राहिली असेल तर एप्रिल 2023 पासून ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती धरली जाते. सलग पाच दिवस रोज किमान दहा मिलिमीटर, हे तिचं मूळ माप.

थंडीचं मात्र फार कोणी मागत नाही. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या दर एकदोन वर्षांनी येतात आणि त्याच आठवड्यात बागेत मणी तडकतात. थंडीची लाट आणि हिमदव ही केंद्राच्या यादीतली आपत्ती आहे. पंचनाम्याचा अर्ज करायला काय हरकत आहे?

2025 च्या मेपासून पाऊस थांबलाच नाही, वेलींना ऊन मिळालं नाही आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पुष्कळ बागांत घडच निघाले नाहीत. जे निघाले ते जिरले. अशा नुकसानीला नेमका दिवस नसतो आणि फोटोत दिसायला काही नसतं, हिरवीगार बाग दिसते. इथे एकट्याने भांडून उपयोग नाही. गावातल्या सगळ्या बागायतदारांनी मिळून अर्ज द्यावा, छाटणीची तारीख लिहावी, मागच्या वर्षीच्या विक्रीच्या पावत्या जोडाव्यात आणि वेलीगणिक घड मोजून आकडे द्यावेत. कृषी अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी मागावी. हमी नाही, पण कागदाशिवाय तर काहीच नाही.

चाळीतल्या कांद्याचं दुखणं याहून कडू. उन्हाळ कांदा काढला, चाळीत भरला आणि मेच्या पावसाने चाळीत ओल गेली तर या निकषांत त्याला जागा नाही, कारण मदत शेतातल्या पिकाची आहे. रोपवाटिकेचं वेगळंच. पाच-दहा गुंठ्यांतलं उळे टाकून केलेलं रोप गेलं की चार एकरांची लागवड गेली, पण पंचनाम्यात धरलं तर पाच-दहा गुंठेच धरतात, आणि पीक पाहणीत नोंद नसली तर तेही नाही. रोप टाकलं की त्याचीही नोंद करा.

खरा निकाल पीक पाहणीत लागतो

पैसे अडण्याची जागा शोधत मागे गेलं की ती बहुतेक वेळा आपत्तीच्या आधीच सापडते. 15 ऑगस्ट 2021 पासून पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची असं झालं. तेव्हापासून ‘तलाठी भाऊसाहेब करतील’ हा आधार गेला. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि शेतात मका असेल तर पंचनाम्याला आलेला माणूस काय लिहिणार? चांगला असेल तर प्रत्यक्ष पीक लिहील, पण पुढे संगणकावर दोन्ही नोंदी जुळत नाहीत.

नोंद करताना मोबाईल घेऊन स्वतः त्या गटात उभं राहा. घरच्या ओट्यावरून होत नाही, ॲप अंतर मोजतं. रेंज नसेल तर फोटो काढून माहिती साठवा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरी गावांत हाच मार्ग. हंगाम, पीक आणि क्षेत्र भरून झालं की सिंचनाचं साधन विचारतात. तिथे घाईत काहीही निवडू नका. विहीर, बोअर, पाट, शेततळं जे असेल ते लिहा, कारण बागायतीचा दर मागाल तेव्हा सातबाऱ्यावर पाणी दिसलं पाहिजे. एकाच गटात दोन पिकं असतील तर दोन्हींचं क्षेत्र वेगळं टाका. चूक झाली तर 48 तासांत एकदा दुरुस्त करता येते. नंतर मग पीक पाहणी सहायकाची किंवा तलाठ्याची वाट बघत बसावं लागतं. मुदत दर हंगामाला वेगळी जाहीर होते आणि वाढतेही. वाढेलच या भरवशावर राहून पेरा कोरा राहिलेले सातबारे दर गावात आहेत.

दुसरी जागा वारस नोंदीची. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा वारून पंधरा वर्षं झाली, खाली तीन भावांचं घरगुती वाटप तोंडी. पंचनामा होतो मयताच्या नावाने आणि पैसे जाणार कुणाला ते कोणी सांगू शकत नाही. 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून अशा नोंदी करून घेण्यात आल्या. ज्यांच्या राहिल्या असतील त्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा. ‘ई-हक्क’ प्रणालीतूनही देता येतो. सामाईक खातं असेल तर एकाच्या नावावर रक्कम घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते भाऊ-बहिणी दिवाळीला जमतात तेव्हाच करून ठेवलेलं बरं. पैसे आल्यावर सह्या मागायला गेलं की जुने सगळे हिशेब निघतात. दोन हेक्टरची मर्यादा खातेदारामागे असते, हेही वाटप कागदावर आणण्याचं एक कारण.

तिसरं, शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रिस्टॅकचा हा क्रमांक मदतीसाठी आता लागतो. तो काढताना आपले सगळे गट त्याला जोडले गेलेत का ते एकदा पाहा. दोन गावांत जमीन असणाऱ्यांचा एखादा गट सुटलेला असतो आणि नेमकी त्याच गटात गार पडते. वनपट्टेधारकांनी वनहक्काचं प्रमाणपत्र आणि नकाशा यांच्या प्रती हाताशी ठेवाव्यात आणि पंचनाम्याच्या वेळी पट्ट्याचा क्रमांक स्वतः लिहून घ्यायला लावावा. मार्च 2018 मध्ये वनहक्कांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत जे चालत गेले त्यांना हे कागद मिळवायला किती कष्ट पडले ते ठाऊक आहे. त्या कागदांचा उपयोग इथे होतो.

वाट्याने किंवा खंडाने शेती करणाऱ्याचा प्रश्न या व्यवस्थेने सोडवलेलाच नाही. पैसे मूळ मालकाच्या खात्यात जातात. करार तोंडी असला तरी ‘आपत्तीची मदत आली तर कुणाची’ हे एक वाक्य कागदावर घ्या, दोन साक्षीदारांसह.

बांधावरचा दिवस

नुकसान झालं की पहिल्या दिवशी फोटो. तारीख, वेळ आणि ठिकाण छापून येईल असं कॅमेऱ्याचं ॲप मोफत मिळतं. नुसता पडलेला घड काढू नका. पाठीमागे विहीर, शेड, गावाची टाकी, ओळखू येईल असं काहीतरी येऊ द्या. एक फोटो चारही बांध दिसतील असा लांबून घ्या. मग साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज: नाव, गाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, आपत्तीची तारीख आणि ‘पंचनामा करावा ही विनंती’. एक प्रत देऊन दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवर तलाठ्याला पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. चार महिन्यांनी कामाला येतो तो शिक्का.

पंचनाम्याला ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे आपले तलाठीच, नाव बदललंय), ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी असे तिघं येतात, निदान यायला हवेत. एकेकाकडे तीन-चार गावं असतात. ते शिवारात येतील त्या दिवशी तुम्ही शेतात हवे, जमलं नाही तर घरातलं कोणीतरी जाणतं माणूस. कागदावर गट, पीक, लागवडीचं क्षेत्र, बाधित क्षेत्र आणि वर्ग हे रकाने वाचूनच सही करा. कोऱ्या रकान्यांवर सही नको, साहेब कितीही ओळखीचे असले तरी. सही झाली की मोबाईलवर त्या पानाचा फोटो.

आता पेच असा की टोमॅटोचा किंवा द्राक्षाचा शेतकरी पंचनाम्याची वाट बघत बसू शकत नाही. गारा पडलेल्या बागेत त्याच दिवशी फवारणी नाही झाली तर डावणी उरलेले घडही नेते. फवारणी करा, तुटलेल्या काड्या काढा. पण एखादी ओळ तशीच ठेवा आणि फोटो आधी घ्या. माझ्या मते पंचनाम्यासाठी बाग सडू देणं हा सर्वांत महाग पर्याय आहे.

जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावून शवविच्छेदन करून घ्या. दाखल्याशिवाय दुधाळ गाई-म्हशीचे 37,500 किंवा बैलाचे 32,000 मिळत नाहीत. शेळी-मेंढीला 4,000. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी 18,000, आणि जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी 47,000 असा वेगळा दर आहे. पिकाच्या पंचनाम्यात हे आपोआप येत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं. ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमध्ये बुजलेल्या विहिरीला 30,000 रुपये होते. ते फक्त त्या पुरापुरतं धरा.

विम्याचं प्रकरण स्वतंत्र आहे, त्यात गल्लत करू नका. शासनाची मदत घेतली म्हणून विमा बुडत नाही आणि उलटही नाही. एक रुपयातला पीक विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. नव्या रचनेत भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर बसवली गेली. फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर 72 तासांत कळवावं लागतं; 14447 हा मदत क्रमांक.

यादीत नाव आहे, खातं रिकामं

पंचनाम्याची यादी संगणकावर चढली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो. गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. यादी चावडीवर, ग्रामपंचायतीत लागते. ती वाचा, स्वतःचीच नव्हे तर सगळ्यांची. अमेरिकेत कोणत्या काउंटीत कुणाला किती शेती अनुदान मिळालं हे नावासकट कोणालाही इंटरनेटवर बघता येतं. आपल्याकडे चावडीवरचा कागद तेवढंच काम करतो, वाचणारे असतील तर. ज्याची बाग दोन वर्षांपूर्वी तोडली त्याचं नाव बहुवार्षिकमध्ये दिसलं तर गावानेच विचारलं पाहिजे.

व्हीके नंबर घेऊन आपले सरकार केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचं असतं. 2025 च्या ऑक्टोबरात शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना यातून सूट मिळाली, बाकीच्यांना रांग लागलीच. केंद्रात पडद्यावर नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. पटत नसेल तर अंगठा देण्याआधी तक्रारीचा पर्याय घ्या; अंगठा दिला म्हणजे तुम्ही मान्य केलं. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून आधारला मोबाईल जोडलेला ठेवा, ओटीपीवर काम होतं.

एवढं होऊनही पैसे येत नाहीत तेव्हा पहिला संशय बँकेचा. पैसे पासबुकाच्या क्रमांकावर येत नाहीत, आधारशी ज्या खात्याचं सीडिंग झालंय त्या खात्यात जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. कधीतरी सिमकार्ड घेताना उघडलेल्या एखाद्या पेमेंट बँकेच्या खात्यात मदत जाऊन बसलेली असते आणि माणूस सहा महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसतं. आधी ते बघा.

तिथेही काही नसेल तर तहसीलच्या आपत्ती शाखेत लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर तालुक्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी. अर्ज आधी द्यावा लागतो. त्याच्या जोडीला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि नेमकं मागा: अमुक गटाच्या पंचनाम्याची प्रत, अपलोड केलेल्या यादीतली माझी ओळ, आणि रक्कम परत गेली असेल तर त्याचं कारण. ‘माझे पैसे का आले नाहीत’ असा प्रश्न विचारला तर ‘माहिती नाही’ असं उत्तर येतं. कागदाची प्रत मागितली तर तीस दिवसांत काहीतरी द्यावंच लागतं.

आणि पैसे आले पण बँकेने थकीत कर्जात वळते केले, तर गप्प बसू नका. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेली असते. तो परिच्छेद अधोरेखित करून, रक्कम जमा आणि वळती झाल्याची पासबुकातली ओळ सोबत लावून, शाखाधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत जिल्हा उपनिबंधक किंवा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना, आणि त्याही अर्जावर पोचेचा शिक्का घ्या.